७० आसनांचे गणित : लहान पल्ल्याची विमान कंपनी वाढते कशी?

कोल्हापूरजवळ उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेल्या विमानतळावरून ५ जानेवारी १९३९ रोजी विमानसेवा सुरू झाली. देशातल्या अनेक मोठ्या शहरांनी विमान जवळून पाहिलेही नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढच्या आठ दशकांत मात्र कोल्हापूरकरांनी ही सेवा कितीदा तरी बंद पडलेली आणि पुन्हा सुरू झालेली पाहिली. असाच अनुभव नांदेड, जळगाव, सोलापूर आणि नाशिक या शहरांच्या वाट्यालाही आला. पहिल्या फेरीला हारतुरे होतात आणि शेवटची फेरी कधी गेली हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. अशा वेळी ‘प्रवासी मिळत नाहीत’ किंवा ‘राजकारण आडवे आले’ अशी दोन उत्तरे ठरलेली असतात. दोन्हींत थोडेफार तथ्य असते, पण लहान शहरांना जोडणारी विमान कंपनी कशाच्या बळावर वाढते आणि कशामुळे मोडते, हे समजायला तिच्या पोटातले गणितच उलगडून पाहावे लागते.

या गणिताची सुरुवात दोन वेगवेगळ्या खर्चांपासून होते. एक म्हणजे संपूर्ण फेरीचा खर्च आणि दुसरा म्हणजे त्या फेरीतल्या एका आसनाचा खर्च. समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. १८० आसनांच्या मोठ्या जेट विमानाची तासाभराची एक फेरी ४ लाख रुपयांत पडते आणि ७० आसनांच्या पंख्याच्या विमानाची तेवढीच फेरी २ लाखांत पडते असे मानले, तर मोठ्या विमानातले आसन साधारण २,२०० रुपयांना पडते आणि लहान विमानातले साधारण २,८५० रुपयांना. आसनाच्या हिशेबाने पाहिले तर मोठे विमान सरळसरळ स्वस्त आहे, आणि मुंबई–दिल्लीसारख्या मार्गावर लहान विमान का टिकत नाही याचे उत्तर इथेच मिळते. पण ज्या गावातून त्या दिवशी ६० माणसेच जाणार आहेत, तिथे हिशेब उलटा होतो. तिकीट ३,५०० रुपयांचे धरले तर ६० प्रवाशांचे २ लाख १० हजार रुपये जमा होतात. लहान विमानाची फेरी १० हजार रुपये राखून परतते आणि मोठ्या विमानाला त्याच फेरीत १ लाख ९० हजारांचा खड्डा पडतो. लहान शहरासाठी लहान विमान लागते ते या कारणाने, गावाची पत कमी म्हणून नव्हे.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. लहान विमानाला खर्च भरून काढायला ५८ प्रवासी लागतात, म्हणजे ७० आसनांपैकी जवळजवळ ८३ टक्के आसने भरेपर्यंत कंपनीच्या हाती काहीच उरत नाही. पन्नासच प्रवासी आले तर २५ हजार तोटा होतो, साठ आले तर १० हजार नफा होतो. दहा माणसांच्या या फरकात त्या मार्गाचे भवितव्य ठरते. प्रादेशिक विमानसेवेत गल्ला मोठा दिसतो, पण नफा नेहमीच शेवटच्या दोन-तीन रांगांमधून येतो, आणि त्या रांगा रिकाम्या राहिल्या तर बाकी भरलेल्या विमानालाही तोट्यात उडावे लागते.

विमानाची निवड ही त्यामुळे अशा कंपनीच्या आयुष्यातली पहिली मोठी पैज असते. आपल्याकडे शेजारी-शेजारी असलेल्या दोन कंपन्यांनी ती वेगवेगळी लावली आहे. कोल्हापूर भागातल्या संजय घोडावत उद्योगसमूहाच्या ‘स्टार एअर’ने २५ जानेवारी २०१९ रोजी बेंगळुरू–हुबळी मार्गावर उड्डाणे सुरू केली ती ५० आसनांच्या ‘एम्ब्रेअर १४५’ या ब्राझिली बनावटीच्या जेट विमानाने. पुढे २०२३ मध्ये त्याच कारखान्याचे ७६ आसनांचे ‘एम्ब्रेअर १७५’ विमान तिने ताफ्यात आणले. गोव्यातल्या मोपा विमानतळावर तळ असलेल्या ‘फ्लाय ९१’ने मार्च २०२४ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू करताना ‘एटीआर ७२-६००’ हे ७० आसनांचे, पंख्याच्या इंजिनांचे विमान निवडले.

पंख्याचे विमान जुनाट असते हा समज चुकीचा आहे. त्याच्याही इंजिनात टर्बाइनच असते, फक्त त्या टर्बाइनची बहुतेक शक्ती पंखा फिरवण्यात खर्च होते, आणि कमी वेगाला व कमी उंचीला ही रचना जेटपेक्षा बरीच कमी इंधन खाते. एटीआरचा वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर असतो आणि जेटचा साधारण ८००. कोल्हापूर–मुंबई हे हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात कागदावरचा फरक १५ मिनिटांच्या आत राहतो, आणि प्रत्यक्षात तो आणखी कमी होतो, कारण जेट विमान आपल्या पूर्ण उंचीला व वेगाला पोहोचते न पोहोचते तोच त्याला उतरायला लागावे लागते. ही काही मिनिटे वाचवण्यासाठी इंधनाचे जादा बिल कोण भरणार, हा खरा प्रश्न आहे. उलट ‘स्टार एअर’ने नोव्हेंबर २०१९ मध्ये हुबळीहून दिल्लीजवळच्या हिंडन विमानतळापर्यंत थेट सेवा सुरू केली, ते अंतर सुमारे १,५०० किलोमीटर भरते. तिथे पंख्याच्या विमानाला तीन तासांहून अधिक वेळ लागला असता आणि प्रवासी कंटाळला असता. विमान आधी घ्यायचे आणि मार्ग नंतर शोधायचे, हा क्रम म्हणूनच धोक्याचा ठरतो.

भारतात या निवडीला सरकारी नियमांचीही जोड आहे. ८० पेक्षा कमी आसनक्षमतेच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचे शुल्क माफ करण्याची तरतूद बरीच वर्षे चालत आलेली आहे. विमानाच्या इंधनावर प्रत्येक राज्याचा कर वेगळा असल्यामुळे कोणत्या गावात टाकी भरायची हासुद्धा कंपनीच्या रोजच्या हिशेबाचा भाग होतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड भागांतला हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. आपल्याकडे विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यामुळे सात टक्क्यांचा हा फरक तिकिटाच्या पातळीवर जाणवण्याइतका ठरतो.

आता वाढीच्या गाभ्याकडे येऊ. लहान कंपन्या बहुधा विमान विकत घेत नाहीत, भाडेपट्ट्याने घेतात. हे भाडे डॉलरमध्ये असते आणि विमान उडो किंवा न उडो, ते महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागते. विमा, वैमानिकांचे पगार आणि अभियंत्यांचे पगार यांचेही तसेच आहे. अशा ठरलेल्या खर्चाचा बोजा एका विमानामागे दिवसाला ४ लाख रुपये आहे असे उदाहरणापुरते धरले, तर दिवसात चारच फेऱ्या करणाऱ्या विमानाच्या प्रत्येक फेरीवर त्यातले १ लाख रुपये चढतात, आणि आठ फेऱ्या करणाऱ्या विमानाच्या प्रत्येक फेरीवर ५० हजारच चढतात. विमान तेच, माणसे तीच, तिकीटही तेच, पण पहिली कंपनी वर्षभरात अडचणीत येते आणि दुसरी तिसरे विमान आणण्याचा विचार करू लागते. नकाशावर किती ठिपके जोडले गेले यापेक्षा एक विमान दिवसातले किती तास हवेत असते, हा आकडा अशा कंपनीच्या प्रकृतीबद्दल जास्त खरे सांगतो, असे माझे स्पष्ट मत आहे. बातम्यांत मात्र तो आकडा जवळजवळ कधीच येत नाही.

विमान अधिक तास उडवावे हे सांगणे सोपे असले तरी लहान पल्ल्यावर ते फार अवघड असते. लांबच्या मार्गावर एकदा उडालेले विमान पाच-सहा तास कमाई करत राहते. ५० मिनिटांच्या मार्गावर दर फेरीनंतर प्रवासी उतरवणे, सामान काढणे, केबिन झाडणे, इंधन भरणे आणि पुन्हा प्रवासी बसवणे यात २५ ते ३० मिनिटे जातात. अनेक लहान विमानतळ ठरावीक वेळेतच उघडे असतात आणि काहींवर रात्री उतरण्याची सोय नसते. कोल्हापूरला ती २०२२ मध्ये मिळाली. तोपर्यंत सूर्यास्तानंतरचे सगळे तास त्या शहरासाठी बाद होते, म्हणजे दिवसभर मुंबईत काम करून रात्री घरी परतणाऱ्या व्यापाऱ्याला उपयोगी पडेल अशी फेरी आखताच येत नव्हती.

मुंबईची अडचण याहून मोठी आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या तासाला सुमारे ४६ उड्डाणे-अवतरणे ही मर्यादा पडते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सात या वेळांवर मोठ्या कंपन्यांचा जुना हक्क असतो. लहान कंपनीला बहुधा दुपारची वेळ मिळते. दुपारी अडीचला मुंबईत पोहोचणारा माणूस त्या दिवशी कोणतेही काम उरकू शकत नाही, मग तो रात्रीच्या बसने जातो, आणि विमान निम्मे रिकामे उडते. त्यानंतर कोणीतरी म्हणते की या गावाला विमानाची गरजच नव्हती. हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटते, कारण गरज असते, वेळ चुकीची असते. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाल्याने ही कोंडी काही प्रमाणात फुटेल, अशी आशा करायला जागा आहे.

छोट्या पल्ल्याचा आणखी एक छुपा खर्च देखभालीत आहे. चाके, ब्रेक, इंजिन आणि विमानाचा सांगाडा यांची झीज मोजताना उड्डाणाच्या तासांबरोबरच उड्डाण-अवतरणाची आवर्तनेही मोजतात. दिल्लीहून लंडनला जाणारे विमान नऊ-दहा तासांत एक आवर्तन पुरे करते, तर जिल्ह्याच्या गावांमध्ये फिरणारे विमान तेवढ्याच काळात सहा-सात आवर्तने करते. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियमही याच बाजूने कडक होतात, कारण एका पाळीत जितक्या जास्त वेळा विमान उतरवायचे तितकी त्या पाळीची परवानगी असलेली लांबी कमी होते. हे नियम योग्यच आहेत, थकलेल्या माणसाच्या हाती विमान देता कामा नये. पण त्यामुळे लहान कंपनीला एका विमानामागे वैमानिकांच्या पाच-सहा जोड्या तरी ठेवाव्या लागतात.

हे वैमानिक सांभाळणेही सोपे नसते. लहान विमानावर तास जमवलेल्या कॅप्टनला मोठी कंपनी जादा पगाराने बोलावते, आणि एका प्रकारच्या विमानाचा वैमानिक दुसऱ्या प्रकारच्या विमानावर स्वतंत्र प्रशिक्षणाशिवाय बसू शकत नसल्यामुळे त्याची जागा लगेच भरता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची राजीनाम्याची मुदत ठरवून दिली आहे, ती याच ओढाताणीमुळे.

या सगळ्यामुळे प्रादेशिक कंपनीची वाढ उताराच्या रस्त्यासारखी सलग होत नाही, ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. दोन विमानांच्या कंपनीत एक विमान सुट्या भागासाठी अडकले की अर्धे वेळापत्रक कोसळते. प्रवाशांना एसएमएस जातात, परतावे द्यावे लागतात, आणि एकदा लग्नाचा मुहूर्त किंवा रुग्णालयाची वेळ चुकलेला माणूस पुढच्या वेळी गाडीनेच निघतो. एक विमान राखीव ठेवावे तर त्याचे भाडे उरलेल्या एकाच्या कमाईतून भरावे लागते. पाच-सहा विमाने झाली की राखीव विमानाचा भार पेलवतो, अभियंत्यांची तुकडी आणि सुट्या भागांचे कोठार सगळ्यांत वाटले जाते आणि कंपनीला जरा श्वास घेता येतो. दोनापासून सहापर्यंतचा हा टप्पा सर्वांत धोकादायक असतो. त्यातच ‘स्टार एअर’च्या बाबतीत सेवेचे पहिले वर्ष पुरे होते न होते तोच २५ मार्च ते २५ मे २०२० असे दोन महिने करोनामुळे देशातली प्रवासी उड्डाणे पूर्ण बंद राहिली.

सरकारने हा टप्पा ओलांडण्यासाठी दिलेला हात म्हणजे ‘उडान’ योजना. २०१६ मध्ये ती जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्या पहिल्या फेऱ्या निघाल्या, त्यांत नांदेड–हैदराबाद ही फेरीही होती. योजनेची रचना अशी की कंपनीने विमानातली साधारण निम्मी आसने ठरवून दिलेल्या कमाल भाड्याने विकायची, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला हे भाडे २,५०० रुपये होते, आणि त्यामुळे येणारी तूट सरकारने भरून द्यायची. कोण किती कमी मदतीत मार्ग चालवेल यावर बोली होते. मदतीचा मोठा वाटा गर्दीच्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावून उभारलेल्या निधीतून येतो आणि साधारण २० टक्के वाटा राज्य उचलते. शिवाय त्या मार्गावर तीन वर्षे दुसरी कंपनी येत नाही. चौथ्या वर्षापासून मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा असते.

ती अपेक्षा किती पुरी झाली हे महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात नोंदवले आहे. वाटप झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली, आणि मदत संपल्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग अवघे ५४ होते. या आकड्यांमागे काय घडते ते सिंधुदुर्गात दिसले. चिपी विमानतळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईचे पहिले विमान उतरले, आणि तीन वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेरी थांबली. मुंबईत घर आणि कोकणात मूळ असलेल्या लाखो कुटुंबांच्या दृष्टीने याहून नैसर्गिक मार्ग दुसरा सांगता येणार नाही, तरीही तो मदतीशिवाय टिकला नाही. मार्ग फायद्यात यायला किती काळ लागतो हे गावागणिक बदलते, आणि सगळ्यांना तीन वर्षांचे एकच माप लावण्यात योजनेची खरी उणीव आहे, असे मला वाटते.

नॉर्वेने हा प्रश्न निराळ्या पद्धतीने सोडवला आहे. तिथली ‘विडरो’ ही कंपनी १९३४ पासून चालू आहे आणि ८०० मीटरच्या धावपट्ट्या असलेल्या, डोंगर व समुद्र यांच्या बेचक्यातल्या गावांत ती ३९ आसनांची पंख्याची विमाने उतरवते. त्या मार्गांसाठी सरकार ठरावीक वर्षांच्या निविदा काढते आणि मुदत संपली की पुन्हा काढते. हे मार्ग कधी तरी नफ्यात येतील असे तिथे कोणी गृहीत धरत नाही, एसटीने वाडीवस्तीवर जावे तसे ते सार्वजनिक काम मानले जाते. आपल्याकडच्या प्रत्येक मार्गाला हा न्याय लावणे परवडणार नाही. पण कोणता मार्ग पुढे स्वतः चालू शकेल आणि कोणता कायम आधारावरच चालेल, ही विभागणी सुरुवातीलाच प्रामाणिकपणे करणे शक्य आहे.

स्वतः चालू शकणारे मार्ग कसे शोधायचे याचा एक सुंदर नमुना नांदेडचा आहे. मार्च २०२४ च्या अखेरीस ‘स्टार एअर’ने पंजाबात जालंधरजवळचे आदमपूर, दिल्लीजवळचे हिंडन, नांदेड आणि बेंगळुरू यांना एका साखळीत ओवले. नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे हजूर साहिब तख्त आहे आणि पंजाबातून तिथे येणाऱ्या भाविकांचा ओघ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. रेल्वेने त्याला जवळजवळ दीड दिवस लागतो. हा प्रवासी विमान कंपनीला निर्माण करावा लागला नाही, तो आधीपासूनच होता. शिवाय साखळीमुळे एकाच उड्डाणात काही जण पंजाबातून नांदेडला, काही दिल्लीहून नांदेडला आणि काही नांदेडहून बेंगळुरूला जाणारे मिळतात, आणि आपण वर पाहिलेल्या शेवटच्या दोन-तीन रांगा अशा वेगवेगळ्या गावांच्या प्रवाशांनी भरतात. याच कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव–सुरत–किशनगड आणि पुढच्याच महिन्यात बेळगाव–नाशिक अशा फेऱ्या सुरू केल्या, त्यांतही महानगराला वळसा घालून दोन मध्यम शहरे सरळ जोडण्याचाच विचार दिसतो. ‘फ्लाय ९१’नेही गोवा, पुणे आणि हैदराबाद या मोठ्या ठाण्यांना जळगाव व सिंधुदुर्गाशी जोडताना मुंबईच्या कोंडीत अडकणे टाळले आहे.

सोलापूरची कहाणी सध्या याच वळणावर आहे. धावपट्टीच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली तेव्हा शहर अक्षरशः दोन भागांत विभागले होते. कारखान्यावर पोट असलेल्या शेतकऱ्याचा राग आणि विमानाची वाट पाहणाऱ्या उद्योजकाचा आनंद, दोन्ही खरे होते. ‘फ्लाय ९१’ची गोव्याची फेरी ९ जून २०२५ रोजी सुरू झाली, आणि मुंबईची फेरी ‘स्टार एअर’ने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू केली. मुंबईच्या मार्गासाठी राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून आसनांमागची तूट भरून देण्याचा निर्णय घेतला. सोलापूरच्या चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्याला आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या भाविकाला ही विमाने रोज, ठरल्या वेळी आणि कामाच्या वेळेला मिळाली, तर मदतीची मुदत संपेल त्या महिन्यातही ७० पैकी ५८ आसने भरलेली असू शकतील.